करंगळी, पाण्याची बाटली आणि मूत्रपिंडे



पत्रिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा, असे संपादक बाईंचे दोन वर्षांपासून सांगणे होते. डोळे, दात, उन्हाळ्यातले आजार हे विषय यापूर्वी येऊन गेले आहेत. मी मुद्दाम असा विषय घेतला आहे, ज्याच्याबद्दल आपण घरातही मोकळेपणाने बोलत नाही. विषय आहे लघवीचा आणि ती तयार करणाऱ्या मूत्रपिंडांचा. मुलांना खोकला झाला तर ती लगेच सांगतात. लघवीला जळजळ होते हे सांगायला तीन-चार दिवस लावतात, आणि मुली तर त्याहून जास्त. या उशिराची किंमत कधीकधी फार मोठी पडते, म्हणून हा लेख.

सुरुवात एका मुलीपासून करते. नाव सांगत नाही, आणि ती आपल्या शाळेतली नाही. आठवीत होती. जून ते डिसेंबर या काळात तिला तीनदा थंडी वाजून ताप आला. दोन वेळा तापाच्या गोळ्या आणि दोन-तीन दिवसांचे कसलेसे औषध घेऊन ती बरी झाली. तिसऱ्या वेळी आजी तिला घेऊन माझ्याकडे आली. ताप १०३, कमरेच्या उजव्या बाजूला वर दुखणे, उलट्या. "तशी हिला अधूनमधून उन्हाळी लागते हो. मी धने-जिऱ्याचं पाणी देते, की बरं वाटतं," आजी म्हणाली. मी मुलीला विचारले, "दिवसातून किती वेळा लघवीला जातेस?" उत्तर आले, "सकाळी साडेसहाला घरून निघताना. मग दोन वाजता घरी आल्यावर." मधले साडेसात तास? "शाळेत नाही जात. दाराला आतून कडी नाही. आणि बाई म्हणतात, मधल्या सुट्टीत का नाही गेलात?" मग पाणी? "पाणी पीतच नाही. प्यायलं की जावं लागतं." पाण्याची बाटली रोज भरलेली जात होती आणि जवळजवळ भरलेलीच परत येत होती. आईला वाटे, मुलगी विसराळू आहे.

लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. ताप उतरल्यावर काही महिन्यांनी जो खास स्कॅन केला, त्यात उजव्या मूत्रपिंडावर एक व्रण दिसला. जखम भरल्यावर कातडीवर जसा डाग राहतो, तसा. तो आता जात नाही. मुलगी आज ठणठणीत आहे, पण वर्षातून दोनदा तिचा रक्तदाब मोजावा लागतो आणि तो पुढेही मोजत राहावे लागेल. केवळ कडी नसल्यामुळे हे झाले, असे मी म्हणणार नाही. कदाचित तिच्या मूत्रमार्गात जन्मापासून थोडा दोष असेल. पण पहिल्याच तापात लघवी तपासली असती तर पुढचे दोन ताप बहुधा टळले असते, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आता आत काय चालते ते पाहू. सातवी-आठवीच्या मुलांनी आकृती काढली आहेच, पण आकृतीत काम दिसत नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकापाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. मोठ्या माणसात एकाचे वजन साधारण १५० ग्रॅम. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून १८० लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या जारचा हिशेब केला तर नऊ जार. त्यातले जवळजवळ सगळे पाणी, साखर आणि लागेल तेवढे क्षार शरीर परत शोषून घेते, आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडते. शिवाय रक्तदाब सांभाळणे, रक्तातल्या तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप हाडांच्या मगजाकडे पाठवणे, ड जीवनसत्त्व कामाला लावणे, हीसुद्धा मूत्रपिंडांचीच कामे. म्हणून ती बिघडली की रक्त कमी होते, हाडे दुखतात आणि दाब वाढतो. लोकांना वाटते, लघवी होते आहे ना, मग मूत्रपिंड ठीक. तसे नसते. गाळण्या निकामी होत असतानाही पाणी बाहेर पडत राहते.

मूत्रपिंडांतून दोन मूत्रवाहिन्या खाली मूत्राशयात येतात. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ३०० मिलिलिटर मावते, मोठ्या माणसाच्या ४०० ते ५००. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळे पिशवी आवळली की तिचे तोंड आपोआप बंद होते आणि लघवी वर जात नाही. काही मुलांत ही रचना जन्मतः कच्ची असते. त्यांच्यात लघवी उलटी वर चढते आणि खालचे जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. अशा मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो. म्हणूनच लहान मुलाला एकदा जरी तापासह मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तरी आम्ही सोनोग्राफी सांगतो. पालकांना ते उगाच वाढवलेले बिल वाटते. पण याच वयात दोष सापडला तर पुढचे नुकसान थांबवता येते.

हे जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून. ई. कोलाय नावाचा जंतू आतड्यात निमूटपणे राहतो, पण मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि गुदद्वाराच्या जवळ, पुरुषांचा १८ ते २०. मुलींना संसर्ग अधिक का होतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काडीचाही संबंध नाही, आणि हे स्पष्ट लिहावे लागते, कारण मोठ्या मुलींच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात नको ते येते. शौचानंतर पुढून मागे धुणे, मागून पुढे नाही, एवढी एक सवय आईने लहानपणीच लावली तर बराच फरक पडतो.

लघवी ही शरीराची रोजची धुलाई आहे. शिरलेले चार जंतू दर तीन-चार तासांनी वाहून जातात. ती तुंबवली की त्यांना वेळ मिळतो. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी: अगदी अनुकूल परिस्थितीत हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एका तासात तीन वेळा, सहा तासांत अठरा वेळा. दोनाचा अठरावा घात काढा. एका जंतूचे दोन लाख बासष्ट हजारांहून अधिक होतात. मूत्राशयात वाढ इतकी वेगाने होत नाही, पण तुंबवण्याचा धोका समजायला हे उदाहरण पुरे आहे. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांनाही हा त्रास जास्त होतो, कारण कडक झालेला मळ मूत्राशयावर दाबतो आणि ते पूर्ण रिकामे होत नाही. मी लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या मुलाला आधी "पोट रोज साफ होतं का?" असे विचारते, तेव्हा आया बुचकळ्यात पडतात.

ओळखावे कसे? जळजळ, थेंबथेंब लघवी, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला घाण वास येणे किंवा ती गढूळ दिसणे. रात्री कोरडे राहणारे मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर तीही एक खूण. एवढ्यावर थांबले तर संसर्ग बहुधा मूत्राशयापुरता असतो. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे आणि उलट्या, हे दिसले की तो मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दोन वर्षांखालची बाळे यातले काहीच सांगू शकत नाहीत. त्यांना नुसता ताप असतो, दूध टाकतात, किरकिर करतात. सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप आहे, अशा बाळाची लघवी तपासलीच पाहिजे, मग तो मुलगा असो वा मुलगी.

धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, कैरीचे पन्हे, सातूची पेज हे सगळे मला आवडते. इंदूरच्या मे महिन्यात घाम इतका जातो की लघवी घट्ट होऊन नुसतीच जळजळ होते. ती खरी उन्हाळी, आणि ती अशा पेयांनी दिवसभरात थांबते. पण त्याने जंतू मरत नाहीत. दोन दिवसांत थांबली नाही, किंवा सोबत ताप आला, तर ती उन्हाळी नव्हे. तेव्हा आजीबाईंनी बटवा थोडा वेळ बाजूला ठेवावा ही विनंती. आणि घरात उरलेली मागच्या वेळची प्रतिजैविके देऊ नयेत. अर्धवट डोसाने जंतू दबतात, तपासणीत सापडत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करावेत.

आता शाळेकडे वळते. करंगळी वर केली की "आत्ताच तर सुट्टी झाली" हे वाक्य मी विद्यार्थिनी असतानाही ऐकले आहे. शिक्षकांची अडचण मला कळते. एकाने करंगळी वर केली की मागोमाग सहा जण करतात, आणि त्यातल्या पाचांना नुसते बाहेर हिंडायचे असते. तरीही त्या सहाव्याला अडवू नये. कोण हिंडायला जाते आणि कोणाला खरी गरज आहे, हे महिनाभरात लक्षात येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आवश्यक केली. वेगळी खोली असणे ही पहिली पायरी झाली. कडी लागते का, नळाला अकरा वाजताही पाणी असते का, मुलींच्या बाजूला झाकणाची कचरापेटी आहे का, यावर ती वापरली जाते की नाही हे ठरते. पाळीच्या दिवसांत चार ते सहा तासांनी पॅड बदलता आले पाहिजे, आणि कचरापेटी नसेल तर मुली बदलत नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत दोन-चार मातांनी स्वतः आत जाऊन पाहावे, असे मी सुचवते. पाहणी करायला पाच मिनिटे लागतात. कडी बाजारात पन्नास-शंभर रुपयांना मिळते.

मुलांच्या मूत्रपिंडांचे आणखी दोन आजार आहेत, जे शिक्षकांच्याही नजरेस पडू शकतात. सकाळी मुलाचे डोळे सुजलेले, पापण्या जड, संध्याकाळपर्यंत सूज पायांवर उतरलेली, लघवीला फेस. बरेचदा "डास चावला असेल", "ॲलर्जी असेल" म्हणून आठवडा जातो. यात गाळण्यांतून प्रथिने निसटत असतात. साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांत हा आजार जास्त दिसतो. स्टिरॉइडचे नाव ऐकून पालक घाबरतात आणि मधेच औषध सोडतात, पण बहुतेक मुलांना त्याच औषधाने गुण येतो. आजार पुन्हा पुन्हा उलटतो हे खरे. मात्र मोठे होता होता बहुतेकांचा सुटतो. दुसरा आजार घसादुखीनंतर एक ते तीन आठवड्यांनी, किंवा अंगावर पिकलेल्या फोडांनंतर जरा उशिराने येतो. लघवी कोलासारखी किंवा चहाच्या पाण्यासारखी तपकिरी होते, ती कमी होते, चेहरा सुजतो आणि रक्तदाब वाढतो. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, पण त्या काळात दाबावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून लघवीचा रंग बदलला की मुलाने घरी सांगायचे आणि घरच्यांनी रागवायचे नाही.

रागवण्यावरून आठवले. पाच-सहा वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा आजार नाही. त्यानंतरही अनेक मुलांचे ते वयानुसार थांबते, आणि बापाचे किंवा मामाचे लहानपण विचारले तर बरेचदा तेच निघते. चटके देणे, पाहुण्यांसमोर हसणे, शाळेत सांगणे यांनी फक्त मूल खचते.

मुतखड्याबद्दल लिहिले नाही तर इंदूरकर मला माफ करणार नाहीत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्याला पथरी म्हणतात, निम्मे मुतखडा. हिंदी माध्यमात जाणाऱ्या आपल्या नातवंडांना गुर्दा कळतो, मूत्रपिंड कळत नाही, ही वेगळी खंत. असो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार पाकातल्या साखरेसारखे स्फटिक धरतात. "दूध बंद केलं, कॅल्शियम नको म्हणून," असे हमखास ऐकू येते. हे उलटे आहे. दूध-दह्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि मळावाटे घालवते. दूध बंद केले की ऑक्झलेट रक्तात जास्त शिरते. टोमॅटो-वांग्याच्या बिया मूत्रपिंडात जाऊन बसतात, हाही निव्वळ समज आहे. खरा गुन्हेगार आपल्या ताटातच असतो, आणि तो म्हणजे मीठ. मिठातल्या सोडियममुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, जेवताना शेव, आणि सराफ्यातून परतताना पुन्हा काहीतरी खारे, या शहरात दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा नाश्त्यालाच संपत असेल! शेव सोडा असे मी म्हणत नाही, मलाही जमलेले नाही. चिमूट घ्या, मूठ नको. पाणी इतके प्यावे की लघवी फिकट पिवळी राहील. लिंबूपाणी चांगले, पण त्यात मीठ घालू नका.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. कुळथाचे कढण प्यायला माझी हरकत नाही, निदान पाणी तरी पोटात जाते. भीती वेगळीच आहे. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा दोन-चार दिवस असह्य कळा देतो आणि मग कधीकधी दुखणे थांबते. लोक पेढे वाटतात. प्रत्यक्षात खडा तिथेच असतो, वर लघवी तुंबून मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते, आणि त्याचे काही दुखत नाही. म्हणून खडा पडताना डोळ्यांनी पाहिला नसेल, तर सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी. खडा आणि ताप एकत्र आले तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

शेवटी आजी-आजोबा आणि आई-बाबांसाठी. मोठ्या वयात मूत्रपिंडे बिघडण्याची दोन मुख्य कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्ही न दुखणारी. रक्तातले क्रिॲटिनिन वाढलेले दिसेपर्यंत बरेचदा निम्मी क्षमता गेलेली असते. लघवीत अल्ब्युमिन जाते का, ही साधी तपासणी बिघाड कितीतरी आधी दाखवते. ज्यांना साखर किंवा दाब आहे त्यांनी ती वर्षातून एकदा, क्रिॲटिनिनच्या बरोबर करावी. तिसरे कारण आपल्या हातात आहे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या मुलाला तापासाठी आयबुप्रोफेन देणेही मूत्रपिंडाला बाधते. तिथे योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बरे.

मूत्रपिंडे पूर्ण थांबली तर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. डायलिसिसचे पहिले यंत्र डच डॉक्टर विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये बनवले, आणि त्यातला पडदा होता सॉसेज गुंडाळायच्या सेलोफेनचा. जुन्या पिढीला जयप्रकाश नारायण यांच्यामुळे हा शब्द कळला. १९७५ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली ती मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत, आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. यशस्वी प्रत्यारोपण जगात प्रथम १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांत झाले, भारतात १९७१ मध्ये वेल्लोरला. आज इंदुरातही दोन्ही होते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. मुलाची परीक्षा असो की मुलीचे लग्न, तो वार चुकवता येत नाही.

तपासणीला लघवी कशी द्यायची, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही, म्हणून तेवढे लिहून थांबते. बाटली प्रयोगशाळेतून मिळालेली निर्जंतुक हवी, घरातली जॅमची धुतलेली नको. आधी जागा साध्या पाण्याने धुवावी. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी, मधली बाटलीत घ्यावी. तासाभरात पोहोचवावी, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवावी. कल्चर सांगितले असेल तर प्रतिजैविकाची पहिली गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यावी, आधी घेतली असेल तर तसे प्रयोगशाळेत सांगावे.